अंगठा आणि हिशेब

आजच्या भाषणाच्या आरंभी एक गणित घालतो. हाताशी कागद-पेन्सिल असेल तर घ्या. नसेल तर बोटांवरही चालेल. एका शेतकऱ्याने सावकाराकडून शंभर रुपये घेतले. व्याज शेकडा दोन रुपये, दरमहा. पुढे नऊ वर्षे त्याच्याकडून एक पैसाही परत गेला नाही. तर नऊ वर्षांनी त्याच्याकडे एकूण किती रुपये निघतील?

सहावी-सातवीतला एखादा हुशार मुलगा लगेच वही पुढे ओढील. मुद्दल गुणिले दर गुणिले मुदत, भागिले शंभर. वर्षाचे व्याज २४ रुपये, नऊ वर्षांचे २१६, मुद्दल धरून ३१६. गुरुजी उत्तरावर बरोबरची खूण करतील आणि पुढच्या उदाहरणाकडे वळतील. परंतु सावकाराच्या वहीत आकडा आहे ५०८ रुपये ८४ पैसे! दर तोच, मुदत तीच, सावकाराने बेरजेतही चूक केलेली नाही. मग वरचे १९२ रुपये ८४ पैसे आले कोठून?

ह्या प्रश्नाचे उत्तर थोड्या वेळाने सांगतो. तोवर एवढेच ध्यानी घ्यावे की, गणिताच्या पुस्तकातले व्याज आणि घरात शिरणारे व्याज ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. अर्थशास्त्र हा शब्द मुलाच्या कानी पडतो पुष्कळ पुढच्या वर्गात. परंतु ती गोष्ट त्याला त्याआधीच भेटलेली असते. किराणा दुकानातली उधारी, डेअरीवरचे दुधाचे माप, आठवडी बाजारात संध्याकाळी पडणारा भाजीचा भाव आणि सोसायटीच्या कर्जाची रात्री हलक्या आवाजात चाललेली बोलणी, हे सारे त्याचे अर्थशास्त्रच होय. हे शास्त्र सामान्य माणसाला आणि त्याच्या मुलाला शिकवावे म्हणून गेल्या दीडशे वर्षांत आपल्याकडे बरेच प्रयत्न झाले. कोणी पुस्तके लिहिली, कोणी चित्रपट काढले, कोणी मुलांच्या हाती टकळी दिली. त्या प्रयत्नांची कथा आज थोडक्यात सांगावयाची आहे. ती शिक्षकांनी विशेषेकरून ऐकावी अशी माझी विनंती आहे.

कथेचा प्रारंभ करावा लागतो सुपे गावापासून. पुणे जिल्ह्यातील त्या वेळच्या भीमथडी तालुक्यातले हे बाजाराचे गाव. १२ मे १८७५ रोजी आसपासच्या खेड्यांतील रयत तेथे जमली आणि तिने सावकारांकडे त्यांच्या वह्या आणि कर्जखते मागितली. जी हाती आली ती जाळली. हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. इतिहासात ह्याला दख्खनचे दंगे म्हणतात. काही ठिकाणी सावकारांची घरे-दुकानेही जळाली, परंतु लोकांचा मुख्य रोख होता कागदावर. ज्यांना अक्षर वाचता येत नव्हते त्यांनी नेमका कागदच का जाळला? कारण आपली जमीन ह्या कागदातून जाते आहे, एवढे त्यांना पुरते कळले होते. ती कशी जाते, हे मात्र कळले नव्हते.

ती अशी जात होती. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. पेढ्यांनी व्यापाऱ्यांना, व्यापाऱ्यांनी सावकारांना आणि सावकारांनी रयतेला हात सैल सोडून पैसा दिला. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले, उधारीचा ओघ आटला. त्याच सुमारास सरकारने नव्या पाहणीत शेतसारा वाढविला. उत्पन्न खाली आणि सारा वर, अशा कात्रीत शेतकरी सापडला. अमेरिकेतल्या लढाईचा धक्का भीमा नदीच्या काठी बसला, तो असा.

आता आपल्या गणिताकडे वळू. १८५९ च्या कायद्याने कर्जखताची मुदत तीन वर्षांची ठरविली होती. व्याज वर्षानुवर्षे साचू नये, हा त्यामागचा हेतू. परंतु व्यवहारात त्याचे उलटेच झाले. दर तीन वर्षांनी सावकार नवे खत लिहून घेई आणि तोपर्यंतचे व्याज नव्या खतात मुद्दल म्हणून मांडी. म्हणजे शंभराचे तीन वर्षांनी १७२ झाले. नवे खत १७२ चे. सहा वर्षांनी २९५ रुपये ८४ पैसे. पुन्हा नवे खत. नऊ वर्षांनी ५०८ रुपये ८४ पैसे. पाहा, प्रत्येक वेळी व्याज सरळच आहे. अंगठा मात्र तीनदा उठला, आणि जास्तीचे १९२ रुपये ८४ पैसे त्या अंगठ्यांखाली दडलेले आहेत. व्याज मुद्दलाहून अधिक होऊ नये असा दामदुपटीचा जुना दंडक आपल्याकडे होता, तोही पाळला जात नव्हता. दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगापुढे तर शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज लावल्याचे एक प्रकरण आले. पुढे १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी वेगळा कायदा झाला. कायदा झाला खरा, पण ज्याने अंगठा उठवावयाचा त्याला त्यातला हिशेब कोणी शिकवावा?

पुस्तके होती. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांचे 'लक्ष्मीज्ञान' १८४९ सालचे. म्हणजे मराठीत अर्थशास्त्र दंग्यांच्या आधीच अवतरले होते. महात्मा फुले यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहून अज्ञान आणि दारिद्र्य यांची गाठ कशी पडते ते दाखविले. परंतु पुस्तक वाचणाऱ्यालाच उपयोगी. ज्याला कर्जखत वाचता येत नाही तो 'असूड' तरी कसा वाचणार? डोळ्यांना दिसेल असे साधन हवे होते. ते साधन पुढच्या शतकात आले.

दादासाहेब फाळके यांचे नाव आपण 'राजा हरिश्चंद्र' ह्या १९१३ सालच्या चित्रपटामुळे घेतो. त्याआधी त्यांनी एक छोटीशी फिल्म घेतली होती, वाटाण्याचे रोप उगवून वाढताना दाखविणारी. रोज थोडी थोडी चित्रे घ्यावयाची आणि ती सलग दाखवावयाची. पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर काही क्षणांत बी रुजून वेल वर चढे. आता गंमत पाहा. आपल्याला ही कला साधली आहे अशी भांडवल पुरविणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून हा खटाटोप होता. शिवाय १९१२ साली विलायतेला जाऊन यंत्रसामग्री आणण्यासाठी फाळक्यांनी आपल्या विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या होत्या, आणि सरस्वतीबाईंचे दागिनेही ह्या धंद्यासाठी कामी आले. म्हणजे आपल्याकडचा चित्रपट जन्मला तोच कर्जावर! म्हणून मुलांना शिकविताना 'कर्ज वाईट' एवढेच सांगून थांबू नये. कोणते कर्ज वाटाण्यासारखे रुजते आणि कोणते गवतासारखे माजून पीक खाते, हे ओळखता आले पाहिजे.

ह्या दुसऱ्या प्रकारच्या कर्जाची गोष्ट पडद्यावर आणली कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी. त्यांचा 'सावकारी पाश' हा मूकपट १९२५ सालचा. कथा नारायण हरी आपटे यांची. तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती. सावकाराच्या कपटाने शेतकऱ्याची जमीन जाते आणि तो शहरात गिरणीतला मजूर होतो, एवढेच कथानक. पौराणिक चित्रपट आणि पोषाखी लढाया यांच्या त्या दिवसांत पेंटरांनी मोडकी झोपडी, शेत आणि मुकी माणसे दाखविली. पुढे १९३६ साली त्यांनी हीच कथा बोलपटाच्या रूपाने पुन्हा काढली. कर्जाला तोंड नसते. आकड्याच्या आड ते लपलेले असते. पेंटरांनी त्याला तोंड दिले. परंतु एक मर्यादा येथेच दिसते. चित्रपट पाहून प्रेक्षक सावकाराला शिव्या देईल, शेतकऱ्यासाठी हळहळेल. पण घरी जाऊन त्याला तीन खतांचे ते गणित सोडविता येईल काय? येणार नाही. डोळ्यांत पाणी येणे आणि डोक्यात हिशेब येणे, ह्या दोन निराळ्या पायऱ्या आहेत.

दुसऱ्या पायरीचा विचार झाला वर्ध्याला. ऑक्टोबर १९३७ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली तेथे शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने मूलोद्योग शिक्षणाची योजना आखली. आपण जिला नयी तालीम म्हणतो ती हीच. झाकीर हुसेन यांनी बर्लिनला डॉक्टरेट मिळविली होती ती अर्थशास्त्रात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मुलाने टकळी किंवा चरखा हाती घ्यावा. कापूस किती तोळे घेतला, पेळू किती झाले, घट किती गेली, सूत किती निघाले, त्याचे मोल काय झाले, हे त्यानेच मांडावे. येथे नफा-तोट्याचे उदाहरण फळ्यावर लिहावे लागत नाही. ते मुलाच्या मांडीवर पडलेले असते. मात्र ह्या समितीने एक इशाराही देऊन ठेवला होता. उत्पन्नाच्या मागे लागून शिक्षणाचा बळी देऊ नका, हा त्याचा मथितार्थ. पोराच्या हातून सूत किती निघाले हे मोजता मोजता पोर किती शिकले हे मोजावयाचे राहून जाते, ही भीती खरी होती. कितीतरी शाळांत टकळीचा तास पुढे नुसता हजेरीपुरता उरला.

स्वातंत्र्य मिळाल्यावर प्रश्न अधिक स्पष्टपणे पुढे आला. रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ साली देशभर ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी करविली. १९५४ साली अहवाल प्रसिद्ध झाला. आपले धनंजयराव गाडगीळ ह्या समितीचे एक सभासद होते. शेतकऱ्याने घेतलेल्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम तीन टक्के, आणि सावकारांचा सुमारे सत्तर टक्के, असे त्यात दिसून आले. सहकारी पतपेढ्यांचा पहिला कायदा १९०४ सालचा. म्हणजे पन्नास वर्षांची ही कमाई.

ह्या अहवालाच्या आदल्याच वर्षी, १९५३ साली, बिमल रॉय यांचा 'दो बिघा जमीन' पडद्यावर आला. बलराज साहनींनी त्यात शंभू नावाच्या शेतकऱ्याची भूमिका केली. जमीनदाराला गिरणीसाठी शंभूची दोन बिघे जमीन हवी आहे. शंभू देत नाही, तेव्हा तो जुने कर्ज मागतो. शंभूच्या अंदाजाने देणे आहे ६५ रुपये. घरातले होते-नव्हते ते विकून तो तेवढे जमवितो, आणि पाहतो तो वहीत २३५! कोर्टात वही बोलते, शंभू बोलत नाही. तीन महिन्यांत पैसे भरण्यासाठी तो कलकत्त्याला जाऊन माणसांची रिक्षा ओढू लागतो. पुढचे आपणांस माहीत आहे. शिक्षकाच्या दृष्टीने ह्या चित्रपटातले सोने आहे ते ६५ आणि २३५ ह्या दोन आकड्यांत. मधले १७० रुपये कोठून आले? आपल्या आरंभीच्या गणिताचाच हा धाकटा भाऊ. फरक एवढाच की सुप्याकडच्या खतात चलाखी होती, तर येथे वहीच खोटी आहे. शंभूजवळ पावती नाही, टिपण नाही आणि अक्षरही नाही.

आता आपल्या ह्या आकाशवाणीचीच एक गोष्ट सांगतो. १९५६ साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या साह्याने एक प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे खेड्यांत शेतकरी श्रोतृमंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा, दहा आठवडे, असे वीस कार्यक्रम झाले. मंडळाने एकत्र बसून कार्यक्रम ऐकावयाचा, मग त्यावर चर्चा करावयाची आणि जमेल ते करून पाहावयाचे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने पॉल न्यूराथ ह्या अभ्यासकाने त्याची तपासणी केली. मंडळे असलेल्या गावांची तुलना त्यांनी दोन प्रकारच्या गावांशी केली: जेथे रेडिओ होता पण मंडळ नव्हते ती गावे, आणि जेथे रेडिओही नव्हता ती गावे. निष्कर्ष असा निघाला की, जेथे लोक ऐकून बोलत बसले तेथे माहिती खूपच वाढली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती त्या मानाने फारच थोडी वाढली. मी स्वतः रेडिओवर बोलत असूनही हे कबूल करतो. किंबहुना म्हणूनच सांगतो. ऐकवणारा यंत्रातून बोलतो, पण शिकणे घडते ते यंत्र बंद झाल्यावर. चित्रपटालाही हाच न्याय लागू आहे.

हा न्याय ओळखून ज्यांनी चित्रपट वापरला त्यांचे उदाहरण गुजरातचे. खेडा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी १९४६ साली खाजगी कंपनीच्या दलालांना दूध घालावयाचे बंद केले आणि पंधरा दिवस ते हटले नाहीत. त्याच वर्षीच्या डिसेंबरात आणंदला त्यांचा सहकारी संघ नोंदला गेला. ह्या चळवळीवर श्याम बेनेगल यांनी १९७६ साली 'मंथन' काढला. पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची. पण ह्या चित्रपटाचा निर्माता कोण? गुजरातचे पाच लाख दूध उत्पादक! प्रत्येकाने दोन रुपये दिले आणि दहा लाख रुपये उभे राहिले. भागभांडवल म्हणजे काय हे शिकवावयास ह्याहून सोपा धडा मला माहीत नाही. दोन रुपयांत एका माणसाला त्या वेळी काय मिळाले असते आणि पाच लाख माणसांच्या दोन-दोन रुपयांतून काय उभे राहिले, हे सातवीतला मुलगा क्षणात सांगेल. चित्रपट तयार झाल्यावर शेतकरी ट्रक भरभरून तो पाहावयास गेले, कारण तो त्यांचाच होता. पुढे डॉ. वर्गीस कुरियन यांनी चित्रपटाच्या प्रती गावोगाव पाठविल्या आणि त्यांच्यासोबत दूधधंद्याची जाणकार माणसेही पाठविली. पडदा गुंडाळला की ह्या माणसांचे काम सुरू होई.

'मंथन'मधली आणखी एक गोष्ट शिक्षकांनी हेरावी. सोसायटी निघाली की सारे प्रश्न सुटले, असे हा चित्रपट म्हणत नाही. गावात जाती आहेत. सोसायटीच्या निवडणुकीत दलित वस्तीचा माणूस निवडून येतो आणि सरपंचाला ते सोसत नाही. बिंदू नावाच्या, स्मिता पाटीलने उभ्या केलेल्या, बाईकडून एका खोट्या तक्रारीच्या कागदावर अंगठा घेतला जातो. पुन्हा अंगठाच! सुप्याच्या दंग्यानंतर शंभर वर्षांनी निघालेल्या चित्रपटात तोच अंगठा आणि तोच न वाचलेला कागद.

शिक्षक बंधुभगिनींनो, आता थोडे वर्गाविषयी. मला सुचतात आणि मी करून पाहिलेले आहेत असे तीन उपक्रम सांगतो. त्यांना पैसा जवळजवळ लागत नाही.

पहिला, कर्जखताचा खेळ. 'दो बिघा जमीन' सबंध दाखवू नका. शंभू ६५ रुपये घेऊन जातो तेथपर्यंत दाखवा आणि थांबवा. पुढे काय होईल ते मुलांना लिहू द्या. मग चिंचोक्यांची एक रास घ्या. एक मुलगा शेतकरी, एक सावकार, एक लिहिणारा, दोन साक्षीदार. एक चिंचोका म्हणजे एक रुपया, आणि घंटेचा एक टोला म्हणजे तीन वर्षे. दर टोल्याला नवे खत लिहावयाचे. पहिल्या डावात शेतकऱ्याने एकही प्रश्न विचारावयाचा नाही, नुसता अंगठा उठवावयाचा. शंभराचे पाचशेवर चिंचोके होताना मुले डोळे विस्फारून पाहतात. दुसऱ्या डावात शेतकऱ्याला तीन प्रश्नांची मुभा द्या: मुद्दल किती लिहिले? दर महिन्याचा की वर्षाचा? दिलेल्या पैशांची पावती कोठे आहे? दोन्ही डावांतल्या राशी शेजारी शेजारी ठेवा. दोन राशींमधला फरक म्हणजे शिक्षणाची किंमत. मग वेगळे बोधवाक्य सांगावे लागत नाही.

दुसरा, दुधाचा खेळ. चिठ्ठ्यांवर फॅटचे आकडे लिहा, सहा, साडेसहा, सात असे, आणि प्रत्येक मुलाला एक चिठ्ठी म्हणजे एक लिटर दूध द्या. एक मुलगा व्यापारी. तो कोणतेही दूध ४० रुपयांनी घेतो. दुसरीकडे सोसायटी, ती फॅटला सात रुपये देते. सहाच्या दुधाला ४२, सातच्या दुधाला ४९. चांगल्या दुधाचा पैसा आजवर कोणाच्या खिशात जात होता, हे मुलांना आपोआप कळते. मग एखाद्या मुलाला गुपचूप पाणी घालावयास सांगा आणि त्याचा आकडा उतरवा. सोसायटीत एकाने पाणी घातले की साऱ्यांचे नाव जाते, हेही कळू द्या. सहकाराचा तोही अर्धा भाग आहे.

तिसरा, शाळेतला बाजार. बालआनंद मेळावा बहुतेक शाळांत भरतो. मुले भेळ विकतात, पाहुणे खातात, फोटो निघतात आणि संपते. खरा तास तेव्हा सुरू व्हावा. एका गटाने सांगितले, सामान २०० रुपयांचे, विक्री ३२० ची, नफा १२०. विचारा: गॅस कोणाचा? चिंचेचे पाणी आईने पहाटे उठून केले, तिची मजुरी किती धरली? उरलेल्या भेळेचे काय केले? हा हिशेब मांडता मांडता एका मुलीने मला सांगितले होते, ''सर, आईचे पैसे धरले तर आम्ही तोट्यात आहोत.'' अर्थशास्त्राच्या एम.ए.ला जे उशिरा उमजते ते तिला सातवीत उमजले.

आता माझी एक चूक सांगून भाषण आवरते घेतो. काही वर्षांपूर्वी एका गावच्या शाळेत मी 'दो बिघा जमीन'चा हाच भाग दाखविला. मुले रंगून गेली होती. त्या उत्साहात मी विचारले, ''कोणाच्या घरी कर्ज आहे? हात वर करा पाहू.'' पाच-सहा हात वर आले. मागच्या बाकावरच्या एका मुलाचा हात अर्धा वर आला, तोच शेजारच्या मित्राने तो खाली ओढला. पुढचे दोन दिवस तो मुलगा शाळेत आला नाही. वर्गशिक्षकांनी मला बाजूला घेऊन सांगितले, त्याच आठवड्यात त्याच्या घरी वसुलीची नोटीस आली होती. मला अतिशय ओशाळल्यासारखे झाले. सुप्याचा इतिहास मला पाठ होता, पण समोरच्या बाकावर काय बसले आहे हे मी पाहिले नव्हते.

त्या दिवशी मला चित्रपटाचा खरा उपयोग कळला. चित्रपट वर्गाला दुसऱ्याचे कर्ज उसने देतो. शंभूचे कर्ज सर्वांसमोर मांडता येते, त्यावर मोठ्याने बोलता येते, चुकता येते, हसताही येते. स्वतःच्या घराची झाकली मूठ झाकलेलीच राहते. ज्या मुलाला गरज आहे तो शंभूच्या नावाने आपल्या घरचा प्रश्न विचारून जातो. दोन दिवसांनी तो मुलगा आला तेव्हा मी काही बोललो नाही. चिंचोक्यांच्या खेळात मात्र त्याने आपण होऊन शेतकऱ्याची जागा घेतली, आणि दुसऱ्या डावात त्याने तीनऐवजी चार प्रश्न विचारले. चौथा प्रश्न असा होता: ''मुदत वाढवून मिळेल का, आणि वाढवली तर व्याज कशावर?'' तो प्रश्न माझ्या यादीत नव्हता. आता आहे.

आज सावकारीचा कायदा कडक आहे. महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याप्रमाणे परवान्यावाचून सावकारी करणे हा गुन्हा आहे, आणि परवानाधारकालाही मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करता येत नाही. दामदुपटीचा जुना दंडकच तो. परंतु अंगठा गेलेला नाही. तो फक्त कागदावरून मोबाइलच्या काचेवर आला आहे. क्षणात कर्ज देणारी ॲपे आहेत. खाली बारीक अक्षरांत पानभर मजकूर असतो आणि शेवटी 'मान्य आहे' असे एक बटण. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली असा नियम घातला की, कर्ज देण्याआधी साऱ्या खर्चासह वार्षिक दर दाखविणारे पत्रक कर्जदाराला दिले पाहिजे. नियम चांगला आहे. पण ते पत्रक वाचणार कोण? पुष्कळ घरांत मोबाइल चालविणारे हात सातवी-आठवीतल्या मुलांचेच असतात. बाप विचारतो, ''बघ रे, काय लिहिलंय?''

त्या वेळी पोराने ''काही नाही बाबा, दाबा,'' म्हणावे, की ''थांबा, दर महिन्याचा आहे की वर्षाचा ते बघू द्या,'' म्हणावे, हे आपल्या वर्गात ठरते. तेवढ्यासाठी एक पडदा, मूठभर चिंचोके आणि घंटेचे तीन टोले पुरेत.